खाऱ्या तलावाचं पालकत्व: नवनिर्वाचित समिती सदस्यांसाठी

अभिनंदन. वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘तलावाचं कोण बघणार?’ हा विषय निघाला तेव्हा बाकीचे सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते आणि तुम्ही एकटेच अध्यक्षांकडे बघत होतात. त्यामुळे पुढच्या वर्षभरासाठी तलाव तुमचा. तुम्हाला पोहता येतं का, हे कुणी विचारलं नाही आणि ते बरोबरच आहे. या कामाला पोहता येण्याची गरज नाही. बारावीचं रसायनशास्त्र आठवत असेल तर थोडा उपयोग होईल. अजिबात आठवत नसेल तर जास्तच होईल, कारण मग तुम्ही मोजल्याशिवाय पाण्यात काही ओतणार नाही.

ही मार्गदर्शिका पुण्याच्या बाणेर-वाकड-बावधन पट्ट्यातली एक मध्यम सोसायटी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. तलाव दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, सरासरी एक मीटर वीस सेंटीमीटर खोल. म्हणजे ६० हजार लिटर पाणी. माहितीपत्रकात हाच तलाव ऑलिंपिकला शोभेल असा दिसत होता, त्याचं श्रेय फोटोग्राफरच्या लेन्सला. तुमचा तलाव याहून मोठा असेल तर त्रैराशिक मांडा.

आधी हे पाठ करा

खाऱ्या पाण्याच्या तलावातही क्लोरीनच असतो. हे वाक्य तुम्हाला लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये आणि गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेता घेता म्हणावं लागणार आहे, म्हणून आत्ताच जिभेवर बसवून घ्या. विक्री कार्यालयातल्या मुलीने ‘अजिबात केमिकल नाही’ असं सांगितलं होतं, हे खरं. तिला तसं सांगायला सांगितलं होतं, हेही खरं.

पंपघरात भिंतीवर एक पेटी आहे. तिच्यातून निघालेली वायर पाइपात बसवलेल्या एका नळकांड्याकडे जाते. त्याला सेल म्हणतात. आत टायटॅनियमच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यावर रुथेनियम, इरिडियम अशा महागड्या धातूंच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो. पट्ट्यांमधून मिठाचं पाणी वाहत असताना वीज सोडली की एका बाजूला क्लोरीन तयार होतो, दुसऱ्या बाजूला हायड्रोजनचे बुडबुडे, आणि पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइड उरतं. क्लोरीन विरघळून हायपोक्लोरस आम्ल होतं. जंतू मारण्याचं काम ते करतं, आणि काम झालं की त्यातला क्लोरीन क्लोराइड होऊन परत मिठाच्या हिशेबात जमा होतो. सोसायटीच्या जमाखर्चात इतका चोख मेळ दुसरा कुठला सापडणार नाही.

तर मग फरक काय? फरक एवढाच की ब्लीचिंग पावडरचे डबे आणून दिवसाकाठी ओतण्याऐवजी क्लोरीन थोडा थोडा, सतत, जागेवरच तयार होतो. पाण्यात चढउतार कमी होतात, त्वचा कमी कोरडी पडते, आणि तलावाच्या माणसाला डबे उचलावे लागत नाहीत. हे फायदे खरे आहेत. क्लोरीन वायू पहिल्यांदा बनवला शील या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने, १७७४ मध्ये. तो मूलद्रव्य आहे असं हम्फ्री डेव्हीने ठामपणे सांगितलं १८१० मध्ये. तो आपल्या तलावात आहे हे सी विंगला अजून मान्य व्हायचं आहे.

मीठ

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. तलावाला ३ ते ३.५ ग्रॅम पुरतात, यंत्राच्या पुस्तिकेत नेमका आकडा दिलेला असतो. अश्रूंमध्ये लिटरला नऊ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पहिल्या दिवशी काठावर बसून भोकाड पसरणारं मूल तलावाचा खारटपणा वाढवत असतं. घाबरू नका, फरक मोजता येत नाही.

आपल्या ६० हजार लिटरना लिटरमागे ३.२ ग्रॅम धरले तर १९२ किलो मीठ लागतं. पन्नास किलोच्या चार गोण्यांपेक्षा थोडं कमी. खजिनदार इथे दोन सूचना मांडतील. पहिली: किराणा दुकानातून एक किलोच्या पुड्या आणू, घाऊक भावात मिळतील. नको. त्या मिठाची गुठळी होऊ नये म्हणून घातलेले पदार्थ तलावाच्या भिंतींवर डाग पाडू शकतात. दुसरी: आमच्या मेव्हण्याची उरणकडे ओळख आहे, आगरातलं खडे मीठ गाडी भरून येईल. हीही नको, पण जरा प्रेमाने नाकारा. आगरातलं मीठ लोणच्याला उत्तम. त्याच्यासोबत मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि थोडा चिखल येतो, आणि ते सगळं सेलच्या पट्ट्यांवर जाऊन बसतं. शुद्ध, आयोडीन नसलेलं, औद्योगिक प्रतीचं मीठ मागवा. ठराव मंजूर व्हायला दोन सभा लागतील. १९३० मध्ये शिरोड्याला लोकांनी मिठासाठी तुरुंगवास पत्करला होता, तेव्हा दोन सभांची कुरकुर करू नका.

मीठ घालताना घाई नको. आधी तीन गोण्या उथळ बाजूला पसरून घाला, ब्रशने हलवा, पंप चोवीस तास चालू ठेवा आणि मीठ पूर्ण विरघळेपर्यंत सेल बंद ठेवा. मग मोजा. मग चौथीतलं लागेल तेवढंच. कारण जास्त झालेलं मीठ काढण्याचा उपाय एकच, पाणी काढून नवं भरणं, आणि टँकरचा विषय निघाला की सभा तहकूब होते.

मीठ उन्हाने उडत नाही, हेही लोकांना सांगून ठेवा. मे महिन्यात पातळी उतरते ती निव्वळ पाण्याची. मीठ जातं ते अंगाबरोबर, मुटका मारणाऱ्यांनी काठाबाहेर उडवलेल्या पाण्याबरोबर, फिल्टरच्या बॅकवॉशबरोबर आणि पावसाळ्यात तलाव भरून वाहतो तेव्हा. तेव्हा उन्हाळ्यात पातळी उतरली म्हणून कुणी उत्साहाने मीठ घालू लागलं तर गोणी हातातून काढून घ्या.

पीएच, किंवा सोसायटीत वर चढणारी एकमेव गोष्ट

आता मुख्य धडा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हा विसरू नका.

पाण्याचा पीएच ७.२ ते ७.६ च्या दरम्यान ठेवायचा. खाऱ्या तलावात तो आपणहून खाली जवळजवळ कधी येत नाही, वरच चढतो. पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो हवेत निघून गेला की पीएच वाढतो. सेलमधून निघणारे हायड्रोजनचे बारीक बुडबुडे त्याला बाहेर पडायला मदत करतात. आणि बिल्डरने कोपऱ्यात बसवलेला तो कृत्रिम धबधबा त्याहून जास्त मदत करतो. पाणी जितकं उसळेल, फेसाळेल, तितका पीएच चढेल. धबधबा बंद ठेवणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मात्र ए विंगमधल्या वाढदिवसांच्या फोटोंची पार्श्वभूमी तोच असल्यामुळे हा उपाय अमलात आलेला कुणी पाहिलेला नाही.

पीएच वाढला तर बिघडलं कुठे? क्लोरीन पाण्यात दोन रूपांत असतो. हायपोक्लोरस आम्ल हे चपळ रूप, हायपोक्लोराइट हे सुस्त. पीएच ७.५ ला दोन्ही निम्मे निम्मे. पीएच ८ ला चपळ रूप जेमतेम पावभर उरतं. चाचणीच्या नळीत मात्र दोन्ही एकच रंग दाखवतात. म्हणजे तलावाच्या नोंदवहीत क्लोरीन ‘उत्तम’ लिहिलेला, आणि पाणी हिरवट होत चाललेलं. अशा वेळी समितीतलं कुणीतरी मशीन शंभर टक्क्यांवर नेऊन ठेवतं. त्याने बुडबुडे वाढतात, पीएच आणखी चढतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस ‘मशीनच बोगस आहे’ असं ग्रुपवर टाकतो.

इलाज म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. आपल्या तलावात ७.८ वरून ७.४ वर यायला बाजारात मिळणारं तीस-बत्तीस टक्क्यांचं आम्ल साधारण पाऊण लिटर लागतं. हिशेबाने आलेल्या मापाच्या निम्मंच घाला, पंप चालू ठेवा, चार-सहा तासांनी पुन्हा मोजा. आम्ल आधी बादलीभर पाण्यात सोडायचं आणि मग खोल बाजूला, फिरत्या पाण्यात ओतायचं. आम्लात पाणी ओतायचं नाही. हा क्रम उलटला तर उकळी फुटून तोंडावर उडतं. हातमोजे, चष्मा, वाऱ्याकडे पाठ, आणि तेव्हा तलावात कुणीही नको. तलावाचा माणूस म्हणेल, ‘साहेब, आम्ही असंच करतो, रोज करतो.’ त्याला चष्मा सोसायटीच्या खर्चाने आणून द्या, आणि तो घालतो का ते बघायला खाली उतरा.

आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एका फळीवर ठेवू नका. एकाच मगाने दोन्ही काढू नका. एका कंपनीची क्लोरीन पावडर दुसऱ्या जातीच्या गोळ्यांत मिसळू नका. या मार्गदर्शिकेत थट्टा पुष्कळ आहे, या परिच्छेदात नाही: पंपघरासारख्या कोंडलेल्या जागेत क्लोरीन वायू सुटला तर माणूस मरतो.

आम्ल शहाबादी फरशीवर सांडलं तर फेस येतो आणि पांढरा डाग कायमचा राहतो. डाग कुणामुळे पडला याची चौकशी समिती नेमू नका. त्या दिवशीची वही बघा.

क्षारता आणि इतर गुंतागुंत

पीएचसोबत एकूण क्षारता नावाचा एक आकडा येतो. ती पीएचचा शॉकअप आहे: फारच कमी असेल तर थोड्याशा आम्लानेही पीएच दणकन आपटतो, जास्त असेल तर तो पुन्हा पुन्हा वरच उसळी घेतो. खाऱ्या तलावाला लिटरमागे ६० ते ८० मिलिग्रॅम बरी. साध्या तलावांच्या पुस्तिकांमध्ये ८० ते १२० लिहिलेलं असतं. बांधकाम सुरू असताना कुणीतरी आणलेली ती पुस्तिका वाचून लोक उगाच सोडा ओतत बसतात आणि मग महिनाभर आम्ल. वाढवायचीच असेल तर आपल्या तलावात दर १० मिलिग्रॅमला एक किलो खाण्याचा सोडा. इथे मात्र किराणा दुकानातला चालतो, खजिनदारांना हा विजय मिळू द्या.

पाण्यातला कॅल्शियम हा खरं तर पुण्याच्या भूगोलाचा प्रश्न. धरणाचं पाणी सौम्य, बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, आणि टँकरमध्ये काय आहे हे टँकरवाल्यालाही माहीत नसतं. कॅल्शियम फार कमी असेल तर पाणी टाइल्समधलं सिमेंट खायला लागतं, फार जास्त असेल तर सेलच्या पट्ट्यांवर पांढरी खरवड धरते. लिटरमागे २०० ते ४०० मिलिग्रॅममध्ये राहा. पीएच, क्षारता, कॅल्शियम, तापमान या सगळ्यांना एका सूत्रात बांधून पाणी खरवड धरेल की सिमेंट खाईल हे सांगणारा एक निर्देशांक विल्फ्रेड लँगेलियर या कॅलिफोर्नियातल्या प्राध्यापकाने १९३६ मध्ये मांडला. बी विंगमधले निवृत्त केमिकल इंजिनियर तो तुम्हाला कागदावर काढून दाखवतील. ऐकून घ्या, ते बरोबर आहेत, आणि त्यांना चहा द्या. पीएच आवाक्यात असला की त्या सूत्राची रोज गरज पडत नाही, हे त्यांना सांगू नका.

ऊन, गोळ्या आणि दीडशेचा आकडा

उघड्या तलावातला क्लोरीन दुपारच्या उन्हात दोन-तीन तासांत जवळपास संपतो. त्याला सावली देणारं रसायन म्हणजे सायन्युरिक आम्ल, बाजारातलं ‘स्टॅबिलायझर’. लिटरमागे ५० मिलिग्रॅम हवं असेल तर आपल्याला तीन किलो लागेल. ते पाण्यात लवकर विरघळत नाही. जुन्या मोज्यात भरून पाण्याच्या प्रवाहात टांगून ठेवतात. मोजा धुतलेला असावा.

आता खरी गोष्ट. एप्रिलमध्ये सेल बंद पडतो. तो एप्रिलमध्येच पडतो, कारण शाळांना सुट्टी लागलेली असते. दुरुस्तीचा माणूस ‘सोमवारी येतो’ म्हणतो आणि कोणता सोमवार ते सांगत नाही. तोवर तलावाचा माणूस तरंगत्या डब्यातून पांढऱ्या गोळ्या सोडायला लागतो. पाणी चकचकीत दिसतं, सगळे खूश. पण त्या ट्रायक्लोरच्या गोळ्यांमध्ये क्लोरीनसोबत सायन्युरिक आम्ल असतंच: दर दहा भाग क्लोरीनमागे सहा भागांच्या आसपास. क्लोरीन संपतो, ते संपत नाही. ऊन त्याला खात नाही, फिल्टर त्याला अडवत नाही. जूनपर्यंत आकडा दीडशेवर जातो, आणि मग क्लोरीन कितीही असला तरी तो इतका जखडलेला असतो की शेवाळाला त्याची फिकीर उरत नाही. उपाय पुन्हा तोच: निम्मं पाणी काढा, नवं भरा.

काढलेलं पाणी सोडायचं कुठे? बागेत नाही. माळीदादा सांगतील की जास्वंद, मोगरा या पाण्यावर आठवडाभरात पिवळे पडतात. सोसायटीत नारळ असेल तर तो एकटाच तक्रार करणार नाही. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात एकदम तर अजिबात सोडू नका, तिथे जे जिवाणू काम करतात ते क्लोरीनला तलावातल्या जंतूंइतकेच घाबरतात. आधी क्लोरीन उतरू द्या, मग थोडं थोडं, महापालिकेच्या नियमाने. आणि हे सगळं पाणीकपातीच्या आठवड्यात करावं लागणार, कारण नळाला एक दिवसाआड पाणी आलं की शहरात सगळ्यांचं बोट पहिल्यांदा पोहण्याच्या तलावांकडेच जातं. सायन्युरिक आम्ल महिन्यातून एकदा मोजण्याचा खर्च याहून कमी आहे.

चाचणी, किंवा रंगांधळ्यांची सभा

पंपघरात एक प्लॅस्टिकची पेटी सापडेल. तिच्यात दोन नळ्या आणि दोन बाटल्या. तपकिरी बाटलीतला द्रव टाकून पाणी पिवळं होत असेल तर ती जुन्या पद्धतीची चाचणी आहे; ती एकूण क्लोरीन सांगते, कामाचा आणि निकामी दोन्ही मिळून. गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी मागवा, ती मोकळा क्लोरीन वेगळा सांगते. लिटरमागे एक ते तीन मिलिग्रॅमच्या मध्ये असला की झालं. सायन्युरिक आम्ल पन्नासच्या पुढे असेल तर तीनच्या जवळ ठेवा.

गुलाबी चाचणीची एक खोड मात्र ठाऊक हवी. क्लोरीन प्रमाणाबाहेर असला तर तो रंगच पुसून टाकतो आणि नळी स्वच्छ, पांढरी दिसते. नवखा सदस्य वहीत ‘शून्य’ लिहितो आणि आणखी ओततो. नळीत द्रव पडताक्षणी गुलाबी झाक येऊन नाहीशी झाली, तर समजा की क्लोरीन कमी नाही, भलताच जास्त आहे. तलावाचं पाणी घ्या, तेवढंच साधं पाणी मिसळा, पुन्हा बघा, आणि आकडा दुप्पट धरा. पोहणाऱ्यांना तोवर बाहेर ठेवा.

पाणी कोपरभर खोलीवरून घ्यायचं, आत येणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी नाही. रंग दिवसाच्या उजेडात बघायचा. पंपघरातल्या पिवळ्या दिव्याखाली तीन सदस्यांना तीन पीएच दिसतात आणि कार्यवृत्तात तिन्ही लिहावे लागतात.

माणसं

तक्रार येईल: ‘तलावाला क्लोरीनचा उग्र वास येतो, डोळे लाल होतात, क्लोरीन कमी करा.’ इथे तुमची खरी परीक्षा आहे. तो वास स्वच्छ क्लोरीनचा नाही. घाम, लघवी, अंगावरचं तेल यांच्यातल्या नायट्रोजनशी क्लोरीन जोडला जाऊन क्लोरामाइनं तयार होतात, वास आणि लाली त्यांची. ती मोडायला जोडलेल्या क्लोरीनच्या साधारण दसपट मोकळा क्लोरीन एकदम द्यावा लागतो, आणि ते घरगुती सेलच्या आवाक्यातलं नाही. द्रव हायपोक्लोराइट आणावं लागतं. म्हणजे वास घालवायचा तर क्लोरीन वाढवायचा. हे तक्रारदारांना समजावताना ‘लघवी’ हा शब्द समोरच्या कुटुंबाकडे न बघता उच्चारा.

पोहण्याआधी अंघोळ हा उपाय यावर सर्वांत मोठा, सर्वांत फुकट, आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित. पाटी लावा. पाटीवर ‘कृपया’ लिहू नका, हे पुणं आहे. रविवारी सकाळी डोक्याला खोबरेल तेल थापून येणारी मुलं आणि दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान अर्धवट सोडून थेट तलावात उतरणारे काका यांच्यामुळे टाइल्सच्या रेषेवर तेलाची एक तपकिरी किनार धरते. ती खाण्याचा सोडा ओल्या फडक्यावर घेऊन पुसायची. साबण नको, फेस येतो. सुती कपड्यांना बंदी का, असं विचारणाऱ्यांना फिल्टरमधून निघालेला धाग्यांचा गोळा दाखवा.

कधीतरी एखाद्या लहानग्याकडून पाण्यात शी होते. तलाव लगेच रिकामा करा, जाळीने काढा, पीएच ७.५ च्या आत आणि मोकळा क्लोरीन किमान दोन ठेवून अर्धा तास थांबा. तलावात स्टॅबिलायझर आहे, तेव्हा जास्त थांबलात तरी बिघडत नाही. जुलाब असेल तर मात्र प्रकरण गंभीर, तेव्हा क्लोरीन वीसपर्यंत चढवून तलाव रात्रभर बंदच ठेवावा लागतो. स्टॅबिलायझर असेल तर त्याहूनही जास्त. कुणाचं मूल होतं हे ग्रुपवर विचारू नका. तिथे त्या दिवशी कुणालाच मूल नसतं.

सणवार

पहिल्या मोठ्या पावसात तलाव भरून वाहतो. मीठ पातळ होतं, क्षारता उतरते, यंत्रावर ‘मीठ कमी’ असा लाल दिवा लागतो. लगेच धावू नका. आधी मोजा, कारण खरवड धरलेला सेलही तोच दिवा लावतो, आणि डिसेंबरच्या थंड पाण्यातही आकडा खोटा कमी दिसू शकतो.

गणपतीत नवा प्रश्न येतो. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती विरघळवायला अमोनियम बायकार्बोनेटचं द्रावण वापरण्याची पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने विकसित केली आणि ती चांगली चालते. बादलीत. दरवर्षी कुणीतरी पर्यावरणप्रेमी सदस्य सुचवतो की नाहीतरी तलाव आहेच, तिथेच विसर्जन करू, सोय होईल. अमोनिया आणि क्लोरीन यांची तलावात गाठ घालून दिली की क्लोरामाइनं थेट घाऊक भावात तयार होतात. मूर्ती शाडूची असेल तर क्लोरामाइन नाही, पण गाळ आहे. विसर्जनाची बादली तलावापासून लांब, क्लब हाउसच्या पलीकडच्या टोकाला ठेवा आणि तिथे एक खुर्ची टाकून बसा.

धुळवडीला तलावाचं दार कुलूपबंद. रंग क्लोरीन खातात, आणि जे रंग क्लोरीन खात नाहीत ते टाइल्सच्या सांध्यांत राहतात. किल्ली वॉचमनकडे नको, तुमच्या घरी ठेवा.

पाणी हिरवं झालंच तर शेवाळनाशकाच्या बाटलीवर तांबं लिहिलंय का ते वाचा. तांब्याचं शेवाळनाशक जास्त पडलं तर पिकलेल्या केसांना हिरवट छटा येते. रोज पहाटे पोहणारे सत्तरीतले आजोबा ही सोसायटीतली सर्वांत वजनदार मतं असतात.

वीज आणि सेल

पंप दोन तास चालवून भागवू, असं खजिनदार सुचवतील. हिशेब मांडून दाखवा. उन्हाळ्यात दिवसाला लिटरमागे तीन मिलिग्रॅम क्लोरीन लागतो असं धरलं तर आपल्या तलावाला १८० ग्रॅम. तासाला वीस ग्रॅम बनवणारा सेल असेल तर नऊ तास. एक अश्वशक्तीचा पंप नऊ तासांत सात युनिटं घेतो. त्यातली पाच-साडेपाच युनिटं वाचवून शेवाळ आणायचं की नाही हा ठराव त्यांनीच मांडावा.

पाणी वाहत नसताना सेल चालू राहिला तर आत हायड्रोजन साठतो, म्हणून एक फ्लो स्विच असतो. तो सारखा ट्रिप होतो म्हणून इलेक्ट्रिशियन वायर मारून बायपास करून देईल आणि वर पैसेही घेणार नाही. तो स्विच पुन्हा लावून घ्या आणि फिल्टर धुवा. पाणी अडकतं म्हणूनच तो ट्रिप होतो.

सेल दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघायचा. पट्ट्यांवर पांढरी खरवड असेल तर एक भाग आम्ल चार-पाच भाग पाण्यात सोडून दहा-पंधरा मिनिटं बुडवायचा, त्याहून जास्त नाही. खिळ्याने, चाकूने, जुन्या टूथब्रशच्या मागच्या टोकाने खरवडायचा नाही. खरवडताना त्याच्यासोबत जो थर निघतो तो रुथेनियमचा असतो. इतकं सांभाळूनही साधारण तीन ते सात वर्षांत पट्ट्यांवरचा थर संपतो आणि नवा सेल घ्यावा लागतो. नियमाप्रमाणे तीन कोटेशनं मागवा. त्यातली दोन एकाच दुकानातून वेगवेगळ्या लेटरहेडवर येतील. जुना सेल गेटवरच्या भंगारवाल्याला लोखंडाच्या भावाने जाऊ देऊ नका. टायटॅनियम आहे म्हणून सांगा, आणि तो नाही म्हणाला तर सेल परत वर घेऊन या.